सभासद की गेटकेन?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘संगणक हा सायन्सवाल्यांचा विषय, आपण कला शाखेच्या मुलांनी त्यात नाक खुपसण्याचे कारण नाही,’ असे आमच्या वर्गातील बहुतेकांचे मत आहे. काही प्राध्यापकही हसत हसत तेच सांगतात. ह्या मताशी मी सहमत नाही, आणि का नाही ते ह्या लेखात मांडावयाचे आहे. मी प्रोग्रामर नाही. तालुक्याच्या गावी एम.एस.सी.आय.टी. केली, मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली, एवढीच त्या क्षेत्रातली माझी पुंजी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण माझ्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर मी मराठीत लिहितो. ती मराठी त्यात कोणी घातली, कोणाच्या खर्चाने घातली आणि उद्या ती कोणाच्या मालकीची राहणार, हा प्रश्न मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने विचारू नये तर कोणी विचारावा?

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्यांभोवती त्यांच्या नोकरीत नसलेल्या हजारो लोकांचा मेळा असतो. त्याला ‘डेव्हलपर कम्युनिटी’ म्हणतात. आपण विकसकांचा समुदाय म्हणू. कोणी त्या कंपनीची साधने वापरून स्वतःचे ॲप बांधतो, कोणी चुका शोधून कळवतो, कोणी नवख्यांच्या शंकांना उत्तरे देतो, कोणी आपापल्या भाषेत भाषांतर करतो. कंपनी त्यांना साधने फुकट देते, माहितीपुस्तिका लिहून देते, मेळावे भरवते, होतकरूंना विद्यावेतन देते. गूगलने २००५ साली ‘समर ऑफ कोड’ ही योजना सुरू केली. तीत पैसे गूगलने द्यावयाचे आणि होतकरूने मुक्त सॉफ्टवेअरच्या एखाद्या संस्थेचे काम करावयाचे, असा करार असतो. जगभरचे प्रोग्रामर आपले काम जेथे आणून ठेवतात ती गिटहब ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१८ साली साडेसात अब्ज डॉलर्सला विकत घेतली. एवढा पैसा कोणी हौसेखातर घालीत नाही.

लातूर जिल्ह्यातल्या माणसाला ह्याचे नवल वाटू नये. आपल्याकडे साखर कारखाना शेतकऱ्याला बेणे देतो, खत उधारीवर देतो. त्याचा चिटबॉय बांधावर येऊन लागणीची तारीख लिहून नेतो. शेतकी अधिकारी मेळावा घेऊन ठिबकाचे फायदे समजावून सांगतो. हे सारे कशासाठी? गव्हाणीत टाकायला ऊस पाहिजे म्हणून. ह्यात लपवण्यासारखे किंवा लाजण्यासारखे काही नाही. कारखान्याचा स्वार्थ आणि शेतकऱ्याचा स्वार्थ एका वाटेने जात असतील तर दोघांचेही भले होते. तेव्हा ‘कंपन्या स्वार्थी आहेत’ अशी ओरड करण्यात मला अर्थ दिसत नाही. कंपनी फुकट साधने देते ती तिच्या जमिनीवर पीक यावे म्हणून, हे गृहीत धरूनच पुढे बोलावे.

खरा प्रश्न निराळा आहे. ह्या व्यवहारात आपण सभासद आहोत की गेटकेनवाले?

शहरातल्या मित्रांसाठी थोडा खुलासा करतो. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे त्याच वाटेने महाराष्ट्रभर कारखाने निघाले. सहकारी कारखान्याचा सभासद हा नुसता ऊस घालणारा नसतो. त्याचे शेअर्स कितीही असोत, त्याला एक मत असते. वार्षिक सर्वसाधारण सभेत तो उभा राहून ‘हिशेब दाखवा’ म्हणू शकतो. ज्याचा शेअर नाही त्याचा ऊस गेटकेनचा. त्याचाही ऊस गोड असतो, त्यालाही पैसे मिळतात, पण त्याच्या उसाला तोड केव्हा यावी हे दुसरे ठरवतात. आमच्या वडिलांच्या नावावर शेअर नाही. एका वर्षी आमचा ऊस मे महिन्यापर्यंत उभा राहिला, तुरे येऊन वाळला, वजन निम्म्यावर आले. कोणता कारखाना हे सांगण्याचे कारण नाही, कारण त्याने नियमाप्रमाणेच केले. नियम करताना आम्ही सभेत नव्हतो, एवढेच. सहकारात सारे आलबेल आहे असेही मला म्हणावयाचे नाही. कित्येक कारखाने कर्जात बुडून विकले गेले, हे आपण पाहतोच. परंतु सभासद असणे आणि नसणे ह्यांत फरक आहे, आणि तो फरक उभ्या उसाला कळतो.

आता मराठीकडे येऊ. संगणकावर भारतीय भाषा आणण्याचे पहिले मोठे काम कंपन्यांनी केले नाही, ते सरकारी पैशातून झाले. कानपूरच्या आय.आय.टी.त ‘जिस्ट’ तंत्राचा पाया घातला गेला आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेले. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे ‘इस्की’ हे प्रमाण भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली मान्य केले. त्याच वर्षी ‘युनिकोड’ ह्या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली गेली. युनिकोडची संस्था चालवणाऱ्या, म्हणजे वर्गणी भरून मत मिळवणाऱ्या सभासदांत प्रामुख्याने मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. तेथे सूचना मात्र कोणीही पाठवू शकतो. म्हणजे दार उघडे, पण मतदान सभासदांचे.

ह्याचा परिणाम काय होतो, ते दोन अक्षरांवरून सांगतो. ‘ॲ’ हे अक्षर मराठी पुस्तकांत कितीतरी वर्षे छापले जात होते, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतःचे स्थान मिळाले ते २००८ साली. तोवर ‘अ’वर चंद्र जोडून वेळ मारून न्यावी लागे. दुसरे उदाहरण अर्ध्या ‘र’चे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. हिंदीला हा भेद लागत नाही, मराठीला लागतो. युनिकोडच्या नियमात त्याची तरतूद आहे; पण नुसता नियम असून भागत नाही. टंक म्हणजे फॉन्ट तयार करणाऱ्याने तो आकार काढावा लागतो, आणि अक्षरे जुळवून पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रामला तो ओळखता यावा लागतो. ह्यांपैकी एक कडी निसटली की ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द मोडतो. कुठे रफार ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो, कुठे पाय मोडलेला ‘र’ एकटाच उभा राहतो. ज्या प्रांतात निम्मी भाषणे ‘शेतकऱ्यांच्या’ नावाने सुरू होतात तेथे कित्येक पडद्यांवर शेतकऱ्याचे नावही धड उमटत नव्हते, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

मग ही दुरुस्ती झाली कशी? येथे कंपन्यांचे श्रेय मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. रेड हॅट ह्या अमेरिकन कंपनीचे एक केंद्र पुण्यात आहे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले ‘लोहित’ नावाचे टंक रेड हॅटने मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. मराठी, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू अशा अनेक भाषांसाठी ते आहेत. २०११ साली त्यांचा परवाना बदलून टंकांसाठी अधिक सोयीचा करण्यात आला. अक्षरे जुळवणाऱ्या ‘हार्फबझ’ ह्या प्रोग्रामवर आधी रेड हॅटच्या व नंतर गूगलच्या पगारावर असलेल्या माणसांनी वर्षानुवर्षे काम केले. आज अँड्रॉइडमध्ये, फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये तोच आहे. त्याचे नाव फार्सी आहे आणि अर्थ ‘खुले अक्षर’ असा. आपण ‘एक हरफही बोलला नाही’ म्हणतो त्यातलाच तो हरफ. निजामाच्या राज्यात वाढलेल्या आपल्या आजोबांना तो शब्द चटकन कळला असता. मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या मंडळींचा ‘मुक्त’ हा देवनागरी टंक गूगलच्या टंकसंग्रहातून कोणालाही फुकट मिळतो. पगार कंपनीचा, पण चुका दाखवल्या त्या भाषा बोलणाऱ्यांनी. ‘हे अक्षर आमच्याकडे असे लिहीत नाहीत’ हे कोणा मराठी माणसाने सांगितल्याखेरीज पगारदार माणसाला ते कळणार कसे?

ह्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट टंक नव्हे, तर त्याचा परवाना आहे. परवाना म्हणजे सातबारा. जमीन कसायला कोणीही देईल. पण सातबाऱ्यावर नाव कोणाचे, त्यावर पुढचे सारे अवलंबून असते.

सातबारा नसला म्हणजे काय होते, ह्याची उदाहरणे ह्याच क्षेत्रात पुष्कळ आहेत. गूगलने प्रोग्रामरांना आपले काम ठेवण्यासाठी २००६ साली ‘गूगल कोड’ नावाची जागा दिली आणि २०१६ च्या जानेवारीत ती बंद केली. आधी सूचना दिली, सामान हलवायला अवधी दिला, हे खरे. पण घर हलवावे लागलेच. ट्विटर कंपनी मालक बदलल्यावर २०२३ साली निराळी वागली. तिच्या साधनांवर उपयोगी कार्यक्रम बांधणाऱ्या छोट्या मंडळींचा पूर्वीसारखा मोकळा प्रवेश तिने बंद केला आणि न परवडणारी फी लावली. अनेकांची वर्षांची मेहनत काही आठवड्यांत बसली. हे गेटकेनचेच दुखणे आहे.

सातबारा असला म्हणजे काय होते, तेही पाहा, आणि उदाहरण पुन्हा त्याच रेड हॅटचे. सेंटओएस ही रेड हॅटच्या लिनक्सवरून समुदायाने बांधलेली फुकट आवृत्ती. २०१४ साली रेड हॅटने तिला आपल्या पंखाखाली घेतले. २०१९ साली आय.बी.एम.ने रेड हॅटच चौतीस अब्ज डॉलर्सना विकत घेतली. २०२० च्या डिसेंबरात जाहीर झाले की, जी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल असे लोक धरून होते ती २०२१ च्या अखेरीस थांबेल. मोठा गहजब झाला. पण मूळ मजकूर मुक्त परवान्याखाली असल्याने लोक नुसते रडत बसले नाहीत. २०२१ सालीच ‘अल्मालिनक्स’ आणि ‘रॉकी लिनक्स’ अशा दोन नव्या आवृत्त्या उभ्या राहिल्या. २०२३ साली रेड हॅटने आपला नेमका मूळ मजकूर ग्राहकांखेरीज इतरांना पूर्वीसारखा देणे थांबवले, तरीही त्या दोन्ही टिकून राहिल्या. ज्या कंपनीने लोहित टंक दिले तिनेच हे केले. म्हणून कंपनी चांगली की वाईट असा निवाडा करीत बसण्यापेक्षा, तिने हात काढून घेतला तरी आपल्याजवळ काय उरते, हे पाहावे. लोहित टंक आपल्याजवळ उरतात. ते आता कोणालाही परत घेता येणार नाहीत.

आता दुसरी बाजू, श्रमाची. आपल्याकडे सावड आहे. आज माझ्या शेतात तुम्ही या, उद्या तुमच्या शेतात मी येतो. पैसा नसलेल्या माणसांची शेती ह्याच रीतीने चालत आली. आणि वेठही होती. वाड्यावरून सांगावा आला की नांगर घेऊन जायचे, आणि वाड्यावरचा कोणी आपल्या शेतात कधी येणार नाही हे जाणूनच जायचे. दोन्हींत घाम सारखाच गळतो. कंपन्यांच्या समुदायांत भाषांतर करणाऱ्या, चुका कळवणाऱ्या, शंका सोडवणाऱ्या माणसांना ‘स्वयंसेवक’ म्हणतात. त्यांचे काम सावडीचे की वेठीचे, हे ठरवायला एकच कसोटी पुरे: कंपनी उलट पावली आमच्या शेतात येते काय?

एका मोबाइल ॲपमध्ये मजकूर जतन करण्याच्या बटणावर ‘वाचवा’ असे लिहिलेले मी पाहिले. जणू कोणी विहिरीत पडले आहे! मी त्या कंपनीला मराठीत पत्र पाठवले. उत्तर इंग्रजीत आले, तेही यंत्राने पाठवलेले: आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे. दीड वर्ष झाले, बटण अजून ‘वाचवा, वाचवा’ म्हणते आहे. कंपनीचे नाव मोठे आहे, ते येथे नको. ज्या समुदायात चूक सांगायला मराठी चालत नाही, तेथे मराठी माणूस गिऱ्हाईक असतो, सभासद नसतो.

प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांसाठी २००८ साली निघालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने पुढे पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत शाखा काढल्या. त्यांत भारतीय भाषा एकही नव्हती. आपली मुले तेथे इंग्रजीतून विचारतात असे त्याचे समर्थन होईल. परंतु पुण्याची मुले इंग्रजीतून विचारतात आणि कंधार-देगलूरची, अहमदपूर-निलंग्याची मुले विचारतच नाहीत, असा त्याचा खरा अर्थ आहे. जो विचारत नाही तो मोजला जात नाही, आणि जो मोजला जात नाही त्याच्यासाठी कोणी पुस्तिका लिहीत नाही.

ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. ‘इंग्रजी शिका की! जगाची भाषा तीच आहे. प्रोग्रामच्या आज्ञाही इंग्रजीतच असतात.’ बरोबर आहे. इंग्रजी शिकलेच पाहिजे, मीही रात्री कोश उघडून बसतो. पण प्रोग्रामच्या आज्ञा चाळीस-पन्नास शब्दांच्या असतात. त्या पाठ करायला फार दिवस लागत नाहीत. वेळ लागतो तो ‘असे का’ हे समजायला, आणि ‘असे का’ हे मायबोलीत लवकर समजते. डॉक्टरची पुस्तके इंग्रजीत असतात, म्हणून रोग्याला तब्येत इंग्रजीत विचारावी असे कोणी म्हणत नाही. शिवाय सॉफ्टवेअर वापरणारा शेतकरी, आशाताई, अडतीवरचा मुनीम हे इंग्रजी शिकेपर्यंत थांबणार नाहीत. त्यांच्यासाठी शब्द कोणी तरी घडवावेच लागतील. भाषा संचालनालयाच्या कोशांतले शब्द पुष्कळदा जड होतात, आणि कंपनीने यंत्राकडून करून घेतलेले भाषांतर ‘वाचवा’सारखे होते. ह्या दोहोंच्या मधली वाट भाषा शिकलेल्या माणसाची, म्हणजे आपली आहे. रेड हॅटच्या पाठबळाने सुरू झालेल्या ‘फ्युएल’ उपक्रमात वारंवार लागणाऱ्या शब्दांच्या याद्या भाषेच्या माणसांनी एकत्र बसून पक्क्या केल्या, त्यांत मराठीही होती. असे काम पुण्यात होऊ शकते तर नांदेडला का होऊ नये?

माझे म्हणणे थोडक्यात असे. मराठी बोलणाऱ्यांकडून पैसा मिळवणाऱ्या कंपन्यांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, त्यांच्या माहितीपुस्तिका मराठीत असाव्यात आणि मराठीत आलेल्या तक्रारीला माणसाने उत्तर द्यावे. दुसरी, दीर्घ काळ चालणाऱ्या भाषांतराच्या कामाला विद्यावेतन द्यावे. प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गूगल २००५ पासून पैसे देते, तर शब्द घडवणाऱ्याला ते देता येणार नाहीत असे नाही. तिसरी, लोकांच्या श्रमातून तयार झालेले शब्द, टंक आणि ध्वनिमुद्रणे मुक्त परवान्याखाली ठेवावीत. हे तिसरे नसेल तर पहिल्या दोहोंवर मी फार विसंबणार नाही.

आणि कंपन्यांकडे मागत असताना आपणही काही केले पाहिजे. मोझिला संस्थेचा ‘कॉमन व्हॉइस’ हा उपक्रम २०१७ साली सुरू झाला. लोक आपल्या भाषेत वाक्ये वाचून आवाज देतात, आणि तो संग्रह कोणालाही वापरायला खुला असतो. त्यात मराठी आहे. पण संगणकाला उद्या ‘काय करत आहेस’ एवढेच कळले आणि आपले ‘काय करायलास’ कळले नाही, तर दोष नुसता संगणकाला देता येणार नाही. आपल्या विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एन्गेजमेंट ह्यांना श्रेयांक आहेत. पुष्कळ ठिकाणी ते एका दिवसाच्या स्वच्छता मोहिमेवर आणि फोटोवर उरकले जातात. त्याऐवजी मराठी विभागाने दहा विद्यार्थ्यांना एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरचे मराठी भाषांतर तपासायला बसवावे. भूगोल विभागाने वाडी-तांड्यांची नावे नीट लिहून खुल्या नकाशात भरावीत. इतिहास विभागात मोडी शिकणाऱ्यांनी, २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीचे टंक खऱ्या कागदांशी ताडून पाहावेत आणि चुका कळवाव्यात. ह्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. लागते ती भाषा, चिकाटी, आणि चूक दिसली की बोलून दाखवण्याची सवय.

शेवटची विनंती प्राध्यापकांना. पुढच्या सत्रात अशा कामाला श्रेयांक देण्याचा ठराव आपल्या अभ्यास मंडळापुढे ठेवावा. पहिल्या दहा नावांत माझे नाव घ्यावे. आमच्या वडिलांना शेअर घेता आला नाही, कारण त्याला रोख पैसे लागत होते. ह्या नव्या कारखान्याचा शेअर श्रमाने मिळतो आहे, तेव्हा तो घेण्यास आपण उशीर करू नये असे मला वाटते.